ओठांतली रोपं

थोरलीनं वाफ्यातून वांग्याची रोपं उपटली, मुळांची माती झटकली आणि चार काड्या ओठांत धरल्या. एका हातानं खड्डा करायचा, दुसऱ्यानं रोप बसवायचं, म्हणजे तिसरा हात तोंडाचाच. रोपं लावणारे सगळे असंच करत. तिची मुलगी मुंगीही मागोमाग तसंच करायची, वर ओठांत रोपं धरून बडबडायचीसुद्धा.

त्या सकाळी मुंगीची रांग वाकडी गेली.

"काय गं, ही रांग आहे का सापाची वाट?"

"सरळच आहे."

"डोळे आहेत की बटणं?"

मुंगीनं रोप टेकवलं ते खड्ड्याच्या बोटभर बाजूला. पुन्हा टेकवलं, पुन्हा बाजूला. थोरलीनं उगारलेला हात खाली घेतला आणि पोरीचा डावा डोळा झाकला.

"आता सांग, काय दिसतंय?"

"तू कडेकडेनं दिसतेस," मुंगी म्हणाली. "मधोमध नाहीस."

नवरा दूर धरणाच्या कामावर. धाकट्या दिरानं दोघींना मोटरसायकलवर घातलं आणि गावच्या डॉक्टरकडे नेलं. सासू गेली तेव्हा हा दीर गुडघ्याएवढा होता. थोरलीनंच त्याचं नाक पुसलं, त्याला शाळेत ओढत नेलं. लोक त्याला तिचा पहिला मुलगा म्हणत, तीही नाही म्हणत नसे.

डॉक्टरनं विचारलं, "घरात कुत्रं-मांजर?"

"ठिपकी कुत्री आहे," धाकटा म्हणाला. "थंडीत व्यालीय."

"तिला, पिल्लांना जंताच्या गोळ्या?"

"दिल्यात की. मी स्वतः दिल्यात."

डॉक्टरनं मान हलवली, डोळ्यात घालायचं औषध दिलं आणि काही दिवस वाट बघायला सांगितलं. थोरलीनं वाट बघितली. मुंगीच्या डोळ्यातला मधोमधचा धूर वाढत गेला.

ठिपकी रोपांच्या छपरात, पेंढ्यावर व्याली होती. तेव्हाच गुरांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात. त्यांच्या घाणीतून अंडी मातीत जातात, तिथं पिकतात आणि मातीच्या हातानं माणसाच्या पोटात उतरतात. गोळ्या पोटात जाईपर्यंत पिल्लं वाफ्यांपासून लांब ठेवा. थोरलीनं त्यांना जाळीत कोंडलं आणि गोळ्या धाकट्याच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी तो हसतच आला. "दिल्या वहिनी. ते काळं पिल्लू थुंकत होतं लबाड. नरडं चोळलं, तेव्हा गिळली."

तीही हसली होती. तिनंच जाळीचं दार उघडलं होतं.

धूर हटेना, तेव्हा शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी माती चाळायला म्हणून थोरलीनं आढ्याला टांगलेली चाळण ओढली. चाळणीबरोबर एक पुडी खाली आली. तिनं ती उघडली. गोळ्या सगळ्या होत्या, एकही कमी नव्हती.

धाकटा दारात पाण्याचा पाइप गुंडाळत होता. तिनं पुडी त्याच्यापुढं धरली.

"राहिलंच ते," तो म्हणाला. "मित्र आले होते, म्हटलं नंतर देऊ. मग विसरलो."

"आणि नरडं चोळलं ते?"

"तू विचारलंस ना, कशा दिल्या म्हणून. काहीतरी सांगायला हवं होतं."

"डॉक्टरनं विचारलं तेव्हा? पोर तुझ्या मांडीवर होती रे."

त्यानं पाइपाचं वेटोळं सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तू शेजारी बसली होतीस. तुझ्यासमोर कसं सांगू?"

तिला मारावंसं वाटलं नाही, त्याचंच तिला नवल वाटलं. मार आपल्या माणसाला द्यायचा असतो.

शहरातल्या डॉक्टरनं तिचं सगळं ऐकून घेतलं, मग बराच वेळ मुंगीच्या डोळ्यात बघितलं. "कुत्र्याच्या जंताची अळी डोळ्याच्या पडद्यापर्यंत गेलीय. सूज उतरवू. उरलंय ते राखू. गेलं ते परत यायचं नाही." मग तो म्हणाला, "जरा आधी आला असतात तर..." आणि हात धुवायला वळला.

घरी आल्यावर धाकट्यानं ठिपकीला दोरी बांधली. "हिला लांब सोडून येतो. हिच्यामुळं झालं सगळं."

"दोरी सोड," थोरली म्हणाली. "तिनं खोटं सांगितलं नाही कुणाला."

पिल्लं परत जाळीत गेली. गुरांच्या डॉक्टरनं नव्या गोळ्या दिल्या, त्या तिनं स्वतः एकेकाच्या नरड्याखाली उतरवल्या. काळं पिल्लू थुंकलं नाही. मुकाट्यानं गिळून तिच्याकडे बघत राहिलं.

आता रोपं ओठांत कुणी धरत नाही. दोघी ती कमरेच्या पिशवीत ठेवतात. मुंगी दोरी ताणून रांग धरते, आणि दोरीवरून बोट फिरवत रोप बसवते. काम हळू होतं.

पिशवीतून रोपं लावली त्या पहिल्या दिवशी कामावरून आल्यावर धाकटा नेहमीसारखा पाटावर बसला. "हात धुतले वहिनी, वाढ."

थोरलीनं पळी भांड्यातच ठेवली. "दाखव."

"अगं, धुतले म्हणतोय ना."

"दाखव."

त्यानं लहानपणी धरायचा तसे दोन्ही पंजे पुढं केले. तिनं ते उलटे केले, सुलटे केले, एकेक नख दिव्याकडे धरून बघितलं. तो मान खाली घालून बसला होता. मग तिनं वाढलं.

मुंगी धावत आली आणि शेजारी बसली. "मी पण धुतले."

"बरं," थोरली म्हणाली, आणि न बघताच तिचं ताट वाढलं.