उजवा पाय

टेलरला मी तरुणपणी बहुतेक पाठमोराच पाहिला. तो पुढे आणि मी मागे, हा आमच्या मोटरसायकल क्लबातला ठरलेला क्रम होता. त्याच्या जॅकेटच्या पाठीवरची उभी शिवण मला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगली पाठ आहे. ते जॅकेट त्यानेच शिवलं होतं, एका मोडक्या सोफ्याच्या कातड्यातून. मलाही त्याच सोफ्यातून शिवून दिलं, पण चांगलं कातडं स्वतःला ठेवलं आणि मला बसून बसून झिजलेला भाग दिला. हे मी त्याला अजून ऐकवतो.

आता क्लबातले आम्ही तिघेच उरलोय. टेलर, मी आणि घसरगुंडी. घसरगुंडी बँकेत होता. आभाळ निरभ्र असलं तरी छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही असा माणूस, पण शर्यतीत हमखास एकदा तरी लोळण घ्यायचा. माझा छापखाना होता, म्हणून गाड्यांवरचे नंबर छापायचं काम माझ्या गळ्यात. बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर आमच्या शर्यती व्हायच्या. वळणांवर गवताचे भारे रचायचे, झेंड्याला घसरगुंडीच्या घरचं टेबलक्लॉथ, आणि बक्षीस म्हणून टाळ्या. जिंकून कुणाचं काही भलं झालं नाही. पण सोमवारी कामाला बसलं की कानात वारा घुमत असायचा आणि तेवढ्यावर आठवडा निघून जायचा.

दर रविवारी सकाळी आम्ही टेलरच्या दुकानात जमतो. दुकान आता त्याची मुलगी चालवते, शाळांचे गणवेश शिवते. त्या दिवशी मशीनं बंद असतात. अर्धवट शिवलेल्या चड्ड्यांच्या ढिगात स्टुलं मांडून आम्ही बसतो आणि जुन्या थापा मारतो. घसरगुंडी दरवर्षी थोड्या जास्त उंचीवरून पडतो. मी तर आता दोन शर्यती जिंकलेल्या आहेत. टेलर मात्र थापा मारत नाही. कुठलं वळण, कितवा गिअर, पुढे कोण, सगळं त्याला लख्ख आठवतं.

“दुसऱ्या वळणाला मी ब्रेक लावतच नव्हतो,” तो सांगायचा. “फक्त दोन गिअर खाली. मग इंजिनच गाडी धरतं.”

आपण ऐकत बसावं. सांगताना तो गल्लीतला म्हातारा शिंपी राहायचाच नाही.

अशाच एका रविवारी मी निघालो तर त्याची मुलगी मागोमाग बाहेर आली.

“काका, जरा थांबता? बाबांचं बोलायचंय.” तिने दुकानाकडे एकदा पाहून घेतलं. “ते गाडी मध्येच करकचून ब्रेक मारून थांबवतात. वळण आलं की हमखास. परवा मंडईच्या कोपऱ्यावर मागची मोटार त्यांच्या अंगावरच आली होती. जेमतेम वाचले.”

“ब्रेक धरून राहत असतील. दाखव कुणाला तरी.”

“मेकॅनिकने सगळं उघडून बघितलं. गाडीत काही नाही. मला वाटतं, त्यांना आता भीती वाटते. वयच आहे ना. कालचं आज विसरतात, परवा पावडर समजून खडूची भुकटी लावली मानेला.”

माझं डोकंच फिरलं. “भीती? तुझ्या बापाला? अगं, तो झोपेत गाडी चालवेल.”

“तेच म्हणतेय मी,” ती शांतपणे म्हणाली. “एक दिवस कुणीतरी मला फोन करून बोलावून घेईल. मी चावी काढून घेतली तर ते माझ्याशी बोलायचे नाहीत. आई गेल्यापासून त्यांना ती गाडीच आहे. तुम्ही सांगितलं तर सोडतील. निदान एकदा त्यांच्या मागून जाऊन बघा.”

मागून जाणं मला नवीन नव्हतं. पुढच्या रविवारी मीच टुमणं लावलं, आज गप्पा पुरे, डोंगरावर जाऊ. घसरगुंडीचे दोन्ही गुडघे बदललेले, त्याला दुकानात वर्तमानपत्र देऊन बसवलं.

सरळ रस्त्यावर टेलर असा काही चालला होता की मला सगळ्या शंका मूर्खपणाच्या वाटल्या. पाठ ताठ, कोपर अंगालगत, खड्डा दिसायच्या आधीच चुकवलेला. मी मनात त्याच्या मुलीला चार शब्द सुनावून घेतले. मग पहिलं वळण आलं. त्याचा मागचा दिवा भक्कन पेटला आणि मागचं चाक कडेला सरकलं. त्याने कशीबशी गाडी सावरली. दुसऱ्या वळणाला मी हट्टाने त्याच्या पायाकडे बघत राहिलो. त्याच्या उजव्या बुटाचा चवडा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. दोन गिअर.

आमच्या शर्यतीच्या गाड्यांना गिअर उजव्या पायाशी असायचा आणि ब्रेक डाव्या. पुढे नव्या गाड्या आल्या, त्यात सगळं उलट झालं. उजव्या पायाला ब्रेक. आम्ही शिव्या घालत ते शिकलो, आणि कित्येक वर्षं तसंच चालवत आलो. टेलरचा पाय आता मागे परत गेला होता. वळण दिसलं की तो धावपट्टीवर असायचा, आणि गिअर म्हणून ब्रेक दाबायचा.

तो घाबरला असता तर किती बरं झालं असतं. मी त्याची मनसोक्त टिंगल केली असती आणि विषय मिटला असता.

डोंगरावर कठड्याशी गाड्या लावल्या. थर्मासमधला चहा ओतताना मी निम्मा बाहेरच सांडला, तर तोच मला म्हणाला, “म्हातारा झालास रे.”

“टेलर, तुझा उजवा पाय गिअर शोधतोय.”

तो हसला. “काहीतरीच काय.”

“गाडीवर बस. स्टँडवरच असू दे. डोळे मीट. आता दुसरं वळण आलं.”

माझं मन राखायला तो बसला. डोळे मिटले. उजवा चवडा दोनदा खाली गेला. त्याने डोळे उघडून खाली पाहिलं. बाही उलटी लागलेला शर्ट गिऱ्हाइकाने परत आणल्यावर बघावं, तसा तो त्या पायाकडे बघत राहिला.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“मला आज दिसलं.”

“पोरीला माहीत आहे?”

“तिला वाटतं, तुला भीती वाटते.”

त्याच्या हातातला चहा गार झाला. सगळ्या क्लबात एकदाही न घाबरलेला माणूस मग म्हणाला, “तेच राहू दे. तिला सांग, म्हातारा घाबरला. हे दुसरं नको सांगूस.”

त्याने चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “मी देतोय हां. तू काढून घेत नाहीयेस.”

“नाही रे,” मी म्हटलं.

त्याची गाडी नंतर मेकॅनिककरवी आणवायची ठरवून कठड्याशीच ठेवली, आणि परत येताना तो माझ्या मागे बसला. जन्मात पहिल्यांदा मी पुढे होतो. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा गुडघा माझ्या मांडीला लागत होता. “किती हळू चालवतोस,” तो मधूनच कानाशी ओरडायचा. मला रडू येत होतं आणि हेल्मेटमध्ये नाक पुसता येत नव्हतं. मुलीला मी खरं तेच सांगितलं, कारण डॉक्टरांना घाबरल्याचं औषध विचारून काय उपयोग. ती ऐकून म्हणाली, “भीतीच असती तर बरं झालं असतं हो, काका.”

निदान अवघड काम उरकलं, असं मला वाटत होतं. मित्राने मित्राला सांगितलं, त्याने मानाने चावी दिली. पुढच्या रविवारी दुकानात पाय टाकला तर टेलर बूट चढवून, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला, एकेक खिसा चाचपत.

“चावी कुठे पडली बघ रे. आज डोंगरावर जाऊ.”

मी त्याच्या मुलीकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं आणि ती गणवेशांच्या घड्या घालायला लागली. त्याला काहीही आठवत नव्हतं. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पुन्हा तसाच उतरला. “कधीपासून?” त्याने विचारलं, अगदी तसंच. आणि मग आवाज खाली आणून, “पोरीला सांग, घाबरला म्हणून.” पोरगी त्याच्या पाठीशी उभी राहून ऐकत होती.

त्या दिवशी घसरगुंडीने मला रस्त्यात गाठून झापलं. “दर रविवारी त्याला नव्याने मारणार आहेस का? खोटं बोल. मी जन्मभर माझ्या पडण्याबद्दल खोटं बोलत आलोय, कुणाचं काय बिघडलं?”

पटलं मला. त्याच्या पुढच्या रविवारी मी तयारीनेच गेलो. टेलर बूट घालून बसलाच होता.

“गाडी मेकॅनिककडे दिलीय,” मी म्हटलं. “क्लचची केबल तुटली. सामान यायला वेळ लागेल म्हणतो.”

“हो ना,” घसरगुंडी म्हणाला, “हल्ली सामान मिळतच नाही,” आणि त्याने लगबगीने स्वतःच्या पडण्याची गोष्ट सुरू केली. टेलर ती ऐकत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने हेल्मेट हळूच खाली जमिनीवर ठेवलं.

“तुला खोटं बोलता येत नाही,” तो म्हणाला. “माझं काहीतरी झालंय ना?”

घसरगुंडी बोलायचा थांबला. टेलरची मुलगी काउंटरला धरून उभी राहिली.

“सांग ना,” टेलर म्हणाला. त्याने माझा हात धरला. “एकदाच काय ते सांगून टाक. परत नाही विचारणार.”

मी माझं स्टूल त्याच्याजवळ ओढलं आणि सांगायला लागलो.