ओळीखालची पट्टी

थांबा, थांबा मित्रांनो, असे घाईने पुढे पळू नका. मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. बारा इंचांची, म्हणजे आता पावणेबाराच म्हणा, कारण माझं एक टोक झिजून गेलंय. आणि आधीच सांगते, मला एका जागी स्वस्थ पडवत नाही. त्याला कारण आहे, तेवढं ऐकून घ्या.

मला करवतीने कापलं, घासलं, अंगावर आकडे छापले आणि गठ्ठ्यात बांधून दुकानात ठेवलं. तिथून मला हिशेबवाल्या काकांनी उचललं. काका शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. खाली शिलाई मशीनची घरघर आणि वर जिन्यालगत काकांची खोली. मला वाटलं, आता जन्मभर रेघा मारायच्या. कसलं काय! काकांनी माझ्याकडून एकही रेघ मारून घेतली नाही.

काकांकडे एक जाड वही होती. तीत प्रत्येक कामगाराचं नाव आणि नावासमोर त्याच्या बँक खात्याचा नंबर. ओळी इतक्या दाट, की नजर घसरलीच म्हणून समजा. म्हणून पगाराच्या दिवशी काका मला ज्याचे पैसे पाठवायचे त्याच्या ओळीखाली ठेवत. मग नाव मोठ्याने वाचत, नंबर चार-चार आकडे तोडून वाचत, कॉम्प्युटरवर भरत आणि पडद्यावरचा नंबर पुन्हा वहीशी जुळवत. तेवढं झालं की मी एक ओळ खाली. सरक, थांब, सरक, थांब. चाळीस माणसं, चाळीस वेळा! "ही पट्टी आहे म्हणून माझे डोळे आहेत," असं काका आल्यागेल्याला सांगत. मी काय, एकदम खूश.

खाली काजवाली मावशी होत्या. शर्टांना काजं करायच्या, म्हणून सगळे त्यांना काजवालीच म्हणत. अठरा वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या मशीनवर काजं केली आणि पगारातले थोडे थोडे पैसे कारखान्याकडेच साठवले. एके दिवशी त्या धापा टाकतच जिना चढून आल्या.

"भाऊ, काजाचं मशीन मिळतंय! जुनं आहे, पण चालू आहे. तो माणूस उद्या चार वाजेपर्यंत थांबतो म्हणालाय. माझे सगळे पैसे खात्यावर टाकाल ना?"

"टाकतो की! आता तुम्ही मालकीणबाई होणार म्हणा."

"चला, काहीतरीच तुमचं," असं म्हणून मावशी हसत हसत खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी नेमकी काकांची दाढ ठणकायला लागली. गाल हा एवढा सुजलेला. दोन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेल्या नव्या ताई समोर बसल्या होत्या. काकांनी वही उघडली, मला मावशींच्या ओळीखाली ठेवलं, मावशींचं नाव आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी ताईंपुढे सरकवली आणि गाल धरून म्हणाले, "पोरी, ओळ लावून ठेवलीय. मावशींचे पैसे आधी पाठव." आणि गेले दवाखान्यात.

आता नीट ऐका. ताईंच्या आधीच्या ऑफिसात पट्टी ओळीच्या वर ठेवायची पद्धत होती. झालेल्या ओळी झाकायच्या आणि पट्टीच्या खालची ओळ वाचायची. ताईंनी काकांच्या चिठ्ठीवरून मावशींचं नाव भरलं आणि वहीतून माझ्या खालच्या ओळीतला नंबर भरला. तो नंबर होता इस्त्रीवाल्याचा! तो तर वर्षापूर्वीच काम सोडून दुसऱ्या गावी गेलेला.

अहो ताई, वर बघा, वर! कॉम्प्युटरने नंबर पुन्हा एकदा मागितला. ताईंनी तोच चुकीचा नंबर पुन्हा भरला. दोन्ही नंबर जुळले, आणि जुळणारच की! डोक्यावर पंखा गरगरत होता, पान फडफडत होतं. देवा, या वाऱ्याने तरी मला एक ओळ वर सरकव, असं झालं होतं मला. मी कसली सरकतेय! ताईंनी बटण दाबलं.

तीन वाजता मावशी वर आल्या. "ताई, मेसेज नाही आला हो अजून."

"पाठवलेत मावशी. येतीलच."

सव्वातीनला आल्या. साडेतीनला पुन्हा आल्या. चारला दहा मिनिटं कमी असताना दारातच उभं राहून त्यांनी मशीनवाल्याला फोन लावला. "दादा, अर्धा तास थांबा ना. पैसे निघालेत हो, खरंच निघालेत." त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी त्या सारखी बोटाला गुंडाळत होत्या. मला ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात काका परतले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "पोरी, कुठली ओळ वाचलीस?" ताईंनी माझ्या खाली बोट ठेवलं, काकांनी माझ्या वर.

बँकवाल्यांनी सांगितलं, "नंबर तुम्हीच दिलात. ज्याच्या खात्यात गेले, त्याने हो म्हटल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही." इस्त्रीवाल्याचा फोन बंद. शेवटी काका स्वतः त्याचा पत्ता काढत गेले. माणूस सरळ होता, त्याने पैसे दिले परत. पण त्यात एकोणीस दिवस गेले, आणि मशीन त्याच संध्याकाळी दुसऱ्याने उचललं होतं.

ताई रडल्या. काका म्हणाले, "चूक माझीही आहे. ओळ मी लावली, पण कशी वाचायची ते सांगितलंच नाही." मावशी एवढंच म्हणाल्या, "पैसे आले ना, झालं तर." आणि खाली गेल्या. थोड्या वेळाने खालून त्यांच्या मशीनचा आवाज आला, रोजच्यासारखाच. तेव्हापासून मी अशी अस्वस्थ आहे. मी ठेवल्या जागीच होते हो! पण माझ्यावर विसंबून ताईंनी त्या नंबराशेजारचं नाव पाहिलंच नाही.

त्यानंतर ताईंनी माझ्यावर लाल पेनाने वर दाखवणारा बाण काढला. आता आधी नाव वाचतात, मग नंबर. नव्या खात्यावर, किंवा रक्कम मोठी असली तर, आधी एकच रुपया पाठवतात आणि त्या माणसाला विचारतात, "आला का?"

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुम्हीही कुणाला पैसे पाठवाल. तेव्हा कुणीतरी ओळ लावून दिली म्हणून डोळे मिटून बटण दाबू नका. समोरचा माणूस घाई करेल, तुमचीही घाई होईल. तरी नाव आणि नंबर एकाच माणसाचे आहेत ना, एवढं बघा. मी तर लाकूड. बघायचं तुम्हीच.

परवा मावशी पुन्हा वर आल्या. दुसरं मशीन मिळतंय, पहिल्यापेक्षा महाग आणि जास्त जुनं. त्यांनी स्वतःच मला आपल्या ओळीखाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. ताईंनी नाव वाचलं, नंबर वाचला, एक रुपया पाठवला. मावशींच्या फोनवर मेसेज आला.

"आला! माझ्याच खात्यात आला."

"मग पाठवू ना बाकीचे?"

मशीनवाला खाली रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. मावशींनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वाजवू दे त्याला," त्या म्हणाल्या. "ताई, अजून एकदा वाचा."

ताई वाचू लागल्या, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत मी मावशींच्या हाताखाली अगदी स्वस्थ पडून राहिले.