सुरभीच्या जिभेखालचा खडा

वनिताला धाटावच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागून वर्ष झालं. सकाळी गडबच्या नाक्यावर बस पकडायची, ती दिवेलागणीला परत. तोवर तिची आठ वर्षांची सुरभी धाकट्या जावेच्या, शिल्पाच्या हातचं जेवून मोकळी झालेली असायची. पोरगी झोपेतही काकूला हाक मारायची आणि वनिताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिल्पाला मूल नाही, म्हणून काय दुसऱ्याचं पळवायचं? तोंडाने ती बोलायची नाही, भांडी मात्र आपटायची.

सुरभीच्या जबड्याखाली सूज आली, तीही आधी शिल्पालाच दिसली. वनिताला तेवढंसुद्धा खुपलं. रजा टाकून ती पोरीला पेणला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. शिल्पा मागे लागून आली, तर तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. आई मी आहे, आत मीच जाणार.

सूज कधी येते, डॉक्टरांनी विचारलं. कधीही येते, वनिताने ठोकून दिलं. जेवताना वाढते का? नाही. आंबट खाल्ल्यावर? ही आंबट खातच नाही. सुरभीने चमकून आईकडे पाहिलं. मग साधी गाठ असावी, असं म्हणत डॉक्टर पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहू लागले.

वनिताने त्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहिलं. तिने एकही गोष्ट पाहून सांगितली नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "मला नाय माहीत. हिला जेवायला घालते ती बाहेर बसलीय."

शिल्पाने आत येऊन सगळं सांगितलं. घास घेतला की सुजतं, चिंच खाल्ली की जास्त, तासाभराने उतरतं. डॉक्टरांनी जिभेखाली बोट फिरवलं. लाळेच्या नळीत तांदळाएवढा खडा अडकला होता. लहान आहे, आपण होऊन निघेल, ते म्हणाले. भरपूर पाणी, चोखायला लिंबाची फोड, आणि जेवल्यावर जबडा मागून पुढे हलक्या हाताने चोळायचा. नाही निघाला तर आपण काढू. पण रोज हे करणार कोण, त्यांनी विचारलं.

शिल्पाने वनिताकडे पाहिलं. उत्तर तिने थोरल्या जावेवर सोडलं होतं. तिच्या या समजूतदारपणाचाही वनिताला हेवा वाटला.

"ही करील," वनिता म्हणाली. मग कुणी हिसकावून घेईल अशा घाईने पुढे म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी मी करीन."