ताईकडे जायचा पूल

चौसष्ट वर्षांची झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती धाकटीच होती. थोरली बहीण तिला त्याच नावाने हाक मारायची, आणि ऐकून ऐकून सगळ्या गल्लीनेच ते नाव उचललं. नदीच्या अलीकडच्या काठावर, जुन्या लोखंडी पायपुलाच्या तोंडाशी तिचं शिवणकामाचं दुकान होतं. सैल कपडे आत घेणं, घट्ट झालेले उसवून सोडणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, असली कामं.

ताईचं सासर पलीकडच्या काठावर. चाळीस वर्षं दर बुधवारी दोघी पुलाच्या मध्यावर भेटत. ताई तिकडून निघायची, धाकटी इकडून. भांडण झालेलं असलं तरी भेट चुकायची नाही. मग दोघी कठड्याला टेकून विरुद्ध दिशांना तोंडं करून उभ्या राहायच्या आणि नदीशी बोलायच्या. "कुणीतरी माझा डबा महिनाभर अडकवून ठेवलाय," ताई पाण्याला सांगायची. "कुणीतरी तो गळकाच दिला होता," धाकटीही पाण्यालाच ऐकवायची. शेवटी कुणाला तरी हसू फुटायचं आणि भांडण तिथेच मिटायचं.

सहा वर्षांपूर्वी मेहुणे गेले. भाच्याने पलीकडचं घर विकलं आणि आईला आपल्याकडे नेलं, तीन विमानं बदलून जावं लागतं इतक्या लांब. मग ताई हळूहळू विसरायला लागली. दर रविवारी फोन व्हायचा. अलीकडे ती पहिलं हेच विचारायची, "पूल आहे ना गं?"

"आहे की."

"मग बुधवारी येते मी. तू मध्यापर्यंत ये."

भाचा फोन हातात घेऊन म्हणायचा, "मावशी, मनाला लावून घेऊ नकोस. तिला वाटतं, ती अजून तिकडेच आहे." पण मनाला लावून न घेणं काही धाकटीला जमलं नाही.

एके दिवशी सकाळी ती दुकान उघडत होती, तर एक माणूस पुलाच्या खांबावर कागद चिकटवत होता. पूल धोकादायक झाला आहे, सबब पाडण्यात येईल, हरकती तीस दिवसांत कळवाव्यात. खालच्या अंगाला नवा सिमेंटचा पूल होताच, त्यावरून गाड्या धावत होत्या. जुन्याची गरज कुणाला?

गाव हळहळलं. लोक येऊन फोटो काढून गेले. पेपरवाल्याने सांगितलं, आमचं लग्न याच पुलावर ठरलं. धाकटीने काउंटरवर सह्यांची वही ठेवली, तर तोच म्हणाला, "काकू, सह्यांनी कधी पूल उभे राहतात का?"

"सह्या न करता तर नक्कीच नाही राहत."

आठवड्यात एकोणीस सह्या झाल्या. त्यातल्या दोघांनी सही करेपर्यंत तर तिने त्यांच्या पँट परत दिल्या नव्हत्या.

रविवारी ताईने विचारलं, "पूल आहे ना गं?" पहिल्यांदाच धाकटीची जीभ अडखळली. "आहे," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ हातात कात्री घेऊन ती नुसतीच बसून राहिली.

सोमवारी ती नगरपालिकेत गेली. इंजिनियर तरुण होता, फायलींच्या ढिगाआडून अर्धाच दिसत होता. "काकू, लोखंड गंजलंय. उद्या कुणी पडलं तर जाब मला द्यावा लागेल."

"खालून पाहिलंत?"

"काठावरून पाहिलं. दुर्बिणीतून."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकल्यात."

तो चिडला नाही. ओशाळून हसला. "खाली जायला नाव लागते, जाणकार माणूस लागतो. माझ्याकडे दोन्ही नाहीत. तुम्ही कुणाकडून नीट तपासून लेखी आणलंत, तर सुनावणीत मी स्वतः वाचून दाखवीन. शब्द देतो."

गावात असा जाणकार एकच होता. निवृत्त वेल्डर, उभा जन्म पुलांवर आणि बोटींवर घालवलेला. स्वभावाने इतका तुसडा, की कुत्रीही त्याच्या दारावरून जपून जात. त्याने दारातूनच सांगितलं, "पडायचा तो पडू दे. एक दिवस मीही पडणारच आहे."

खुंटीवर त्याची हत्यारांची जाड पिशवी लोंबत होती, तळाशी फाटलेली, तारेने कशीबशी आवळलेली. धाकटीने ती काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुहेरी टाके घालून, नवा तळ लावून आणून दिली. त्याने पिशवी उलटसुलट करून पाहिली, टाके ओढून पाहिले.

"सकाळी सातला. नाव माझी आहे. वही घेऊन या."

तीन दिवस रोज सकाळी ते पुलाखाली होते. तो एकेका सांध्यावर हातोडी मारायचा. चांगला सांधा ठणकन बोलायचा, सडलेला भद्द वाजायचा. तो आकडा सांगायचा, ती लिहायची आणि सडलेल्यावर शिवणाच्या खडूने फुली मारायची. पूल तिने खालून कधी पाहिलाच नव्हता. फळ्यांच्या फटींतून वरच्या लोकांची पावलं दिसत होती. नाव मध्यावर आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण त्या पावलांत ताईची पावलं शोधतोय. डाव्या चपलेची टाच झिजलेली, जरा बाहेर वळून पडणारी.

"लिहा की," वेल्डर खेकसला. मग तिच्याकडे पाहून त्याने हातोडी खाली ठेवली आणि उगाचच वल्ही नीट करत बसला.

दोनशे बारा सांध्यांपैकी एकतीस सडले होते. बहुतेक सगळे पलीकडच्या टोकाला, जिथे सांडपाण्याचा एक फुटका पाइप रात्रंदिवस लोखंडावर गळत होता. एकतीस ऐकून धाकटी वहीवर पेन टेकवून थांबली. वीस लिहिलं तर? कोण मोजायला येणार होतं? पण खोटं लिहून वाचवलेल्या पुलावरून तिने ताईला कोणत्या तोंडाने बोलावलं असतं? तिने एकतीस लिहिलं आणि खाली वेल्डरची सही घेतली.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. इंजिनियरने दिलेला शब्द पाळला, कागद सगळा वाचला. नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे एकतीस सांधे गेलेत, हे तुम्हीच सांगताय. मग पाडायलाच हवा ना?"

धाकटी उठली. "बाई, मागच्या थंडीत तुमचा कोट माझ्याकडे आला होता. बाही खांद्यापासून निखळली होती. तुम्ही तो फेकून नाही दिलात." लोक हसले. बाईही हसल्या. धाकटीला मात्र हसू आलं नाही. "मला भाषण येत नाही. पलीकडे आता माझं कुणी उरलेलं नाही. तरी मनात आलं तर जाता यावं, एवढंच वाटतं."

त्या दिवशी ठरलं, पूल पाडायचा नाही. पाइप हलवायचा, सांधे बदलायचे, तोवर पूल बंद.

बंदीचे आठ महिने गेले. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकलेले. तिकडे ताई आधी वार विसरली, मग नवऱ्याचं जाणं विसरली, मग पुलाचं विचारायचंही थांबली. भाचा फोन तिच्या कानाशी धरायचा आणि धाकटी एकटीच बोलत राहायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पूल उघडला. फिती कापल्या, भाषणं झाली. वेल्डर गर्दीत कुठेतरी नाक मुरडून उभा होता. धाकटी त्या दिवशी पुलावर चढलीच नाही. ती बुधवारी दुपारी दुकान बंद करून निघाली, मध्यावर आली आणि फोन लावला.

"ताई, मी पुलावर आहे. मध्यावर."

ताईने अदबीने विचारलं, "कोण बोलतंय?"

"धाकटी."

"धाकटी शाळेत गेलीय," ताई म्हणाली. "आली की सांगते. काही निरोप आहे का?"

खाली पाणी संथ वाहत होतं. "निरोप नाही," धाकटी कशीबशी म्हणाली. "तिला जपा."

"जपते हो. जरा हट्टी आहे, पण गुणाची आहे."

फोन बंद झाल्यावर धाकटी मागे वळली नाही. ती पलीकडे उतरली आणि सवयीने पाय ताईच्या गल्लीत शिरले. ताईच्या जुन्या घराच्या दाराला निळा रंग लागला होता. पायरीवर एक अनोळखी बाई शेंगा सोलत बसली होती.

"कुणाकडे आलात?"

"कुणाकडे नाही. सहज."

"पुलावरून आलात? बरं झालं बाई सुरू झाला. माझी आई तिकडे असते. आठ महिने सिमेंटच्या पुलावरून वळसा घालून जात होते, तिचे डोळे वाटेला लागायचे." तिने शेंगांची सुपली बाजूला सरकवली. "दमलेल्या दिसता. बसा ना."

धाकटी पायरीवर बसली. बाई पाणी आणायला आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, तशी धाकटीने मान फिरवून उघड्या दारातून आत पाहिलं, आणि बाई परत येईपर्यंत पाहतच राहिली.