भोपळा जेवतो काय?

“सर, भोपळा एवढा जाडजूड होतो, तर तो जेवतो काय?”

हे विचारून दाखव म्हणून मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी मी, उघडलं ते थेट भोपळ्यावर. वर्ग फिदीफिदी हसला. विज्ञानाचे सर मात्र खूश झाले. म्हणाले, फार पूर्वी एकानं माती भट्टीत सुकवून तोलली, तिच्यात झाड लावलं आणि पाच वर्षांनी ती पुन्हा तोलली. झाड चांगलंच वजनदार झालेलं, माती जवळजवळ होती तेवढीच. झाडं जेवण बनवतात ते हवा, पाणी आणि उन्हातून.

“हवा खाऊन कुणी जाड होतं का?” शेजारची चिमटी कुजबुजली. ती बोलताना चिमटे काढते, म्हणून चिमटी. “माती घटणारच. घटली तर वर्षभर माझं दप्तर तू वाहायचं.”

“चालेल,” मी म्हणाले. आमची बेकरी आहे. भट्टी घरची, काटा घरचा.

दहा किलो सुक्या मातीत बी लावलं. तीन महिन्यांत वेल खिडकीचे गज चढला आणि दोन किलोचा भोपळा लटकला. मग माती चाळून, ट्रेमध्ये पसरून रात्रभर भट्टीत ठेवली. शनिवारी दुपारी चिमटीसमोर तोलली. शंभर ग्रॅम कमी.

“दप्तरात डबाही असतो हं माझा,” चिमटी म्हणाली.

मी तोंड पाडून जेवायला बसले.

“ती नवी कोको पावडर कुठली गं?” बाबांनी आईला विचारलं. “भट्टीतल्या ट्रेमधली. सकाळी केकवर भुरभुरवली, रंग काय सुरेख आला.”

माझा घास हातातच राहिला. “किती भुरभुरवली?”

“शंभरेक ग्रॅम. मोठा केक होता. तुझ्या विज्ञानाच्या सरांनी नेला, मुलीच्या वाढदिवसाला. आताच फोन आला होता. म्हणाले, मस्त कुरकुरीत होता, दोनदा घेतला.”

ती पावडर कसली ते मी सांगितलं. आई टेबलावर डोकं टेकून हसत सुटली. बाबा पांढरेफटक.

“भाजलेली होती ना,” आईनं त्यांना धीर दिला.

“कुणाला बोलू नकोस,” बाबा मला म्हणाले. “दुकान बसेल आपलं.”

“आणि चिमटीचं दप्तर?”

“वाहा की. व्यायाम होईल.”

मी ताट सरकवून उभी राहिले. “आई, बाबा, माझं ठरलंय. सोमवारी वर्गात हात वर करून सांगणार. माती भोपळ्यानं नाही खाल्ली. सरांनी खाल्ली.”