थंडीचं नाव

बायको गेल्याचं मला गाडी भरून झाल्यावर सांगितलं.

मी बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. साचे खाऱ्या पाण्याच्या टाकीतून वर उचलायचे, साध्या पाण्यात बुडवून सैल करायचे, आडवे केले की लादी आपोआप घसरत बाहेर येते. मग ती आकड्यानं ओढत गाडीपर्यंत न्यायची. त्या दिवशी फोन फोरमनच्या टेबलावर आला. त्यानं तो घेतला, ठेवला आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, कोपरा फुटलेली लादी दिसली, आता ओरडणार. तो ओरडला नाही. गाडीचं मागचं फळकं लागलं तेव्हा म्हणाला, "हातमोजे काढ. मुलगी झाली तुला."

मी हसलो. डबलनं माझ्या पाठीत धपाटा घातला. माझ्याबरोबर गाडी भरणाऱ्याला आम्ही डबल म्हणतो, कारण तो जेवतो दोघांचं आणि काम करतो अर्ध्याचं.

"आणि बायको गेली," फोरमन म्हणाला. "मघाशीच फोन आला होता."

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? ती थांबणार नव्हती. आणि बर्फही थांबत नाही."

तो हे वाईट मनानं बोलला नाही. त्याला तसंच बोलता येतं.

हॉस्पिटलच्या जिन्यावर बायकोची मोठी बहीण बसली होती. मी तिला ताई म्हणतो. ती मला पाहुणे म्हणते. लग्नाच्या दिवसापासून तिनं मला कधी घरातला धरलं नाही.

"आलात का पाहुणे?" ती म्हणाली. "संपला वाटतं बर्फ."

मी खाली बसलो. तोंडातून पहिली गोष्ट जी बाहेर पडली ती अशी होती: "ताई, नाव काय ठरवलं होतं तिनं? तुम्हाला माहीत आहे ना?"

ताईनं माझ्याकडे वळून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हो. मला माहीत आहे."

मी तिला का विचारलं ते सांगतो. बायको चष्म्याच्या दुकानात काचा पुसून फ्रेमा लावून द्यायची. तिला उन्हाळा सोसायचा नाही. मी कामावरून आलो की माझे गार हात ओढून ती स्वतःच्या मानेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. बाळ थंडीत येणार हे कळलं तेव्हा म्हणाली, "मुलगी होणार. आणि तिचं नाव थंडीचं असणार. ठरलंय माझं."

"काय ते?"

"तुला नाही सांगणार. तुझ्या पोटात काही राहत नाही. उद्या कारखानाभर होईल. ताईला सांगितलंय, तेवढं पुरे."

मी रोज विचारायचो, ती रोज तेच सांगायची. मला मजा वाटायची. मला वाटलं, पुढे हवा तितका वेळ आहे.

बाळ हॉस्पिटलातून थेट ताईच्या घरी गेलं. ते बरोबरच होतं. माझी पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची, घरी दुसरं कोणी नाही. ताई घरातच शाळेचे गणवेश शिवते. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या साडूचं, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना मूल नाही. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. ताई दार अर्धंच उघडायची, मला वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "हात गरम करून या आधी." मी बाहेर उभा राहून तळवे चोळायचो. मग ती बाळ माझ्या मांडीवर ठेवायची आणि समोर मशीनवर बसून शिवत शिवत माझ्यावर लक्ष ठेवायची.

पहिल्याच वेळी मी म्हणालो, "ताई, आता सांगा ना नाव."

"सांगेन. घाई काय आहे? तुमच्याकडे कुठे राहते ती, हाक मारायला?"

पुढच्या वेळी तिनं मशीन थांबवलं. म्हणाली, "सरळ बोलते, पाहुणे. मुलगी आमच्या नावावर करून द्या. त्याच दिवशी नाव सांगते. तुमच्याच्यानं ती वाढायची नाही. तुम्हाला स्वतःची बायको वाढवता आली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सुकवलीत तिला. तुमच्या त्या गारठ्याच्या घरात."

मी बाळाकडे बघत राहिलो. ते माझं बोट धरून झोपलं होतं.

"नाही देणार," मी म्हणालो.

"मग ओळखा." तिनं पुन्हा मशीन चालू केलं. "थंडीचं आहे. एका वेळी एकच सांगायचं. बघू तुम्ही तिला किती ओळखत होता ते."

मला शब्द फार येत नाहीत. आमच्या ऑफिसात एक बाई बसतात, त्यांचं वाचन आहे. त्यांना विचारलं तर त्या भराभर म्हणाल्या, हिमानी, तुहिना, नीहारिका, हेमंती, शिशिरा. मी रस्त्यानं पाठ करत जायचो. डबल म्हणाला, "गारठा ठेव. नाहीतर फ्रीज ठेव, सासरी जाताना आंदण म्हणून पुन्हा फ्रीज द्यायला नको." सगळे हसले, मीही हसलो. हसू येतं माणसाला, काही झालं तरी.

"हिमानी," मी ताईला म्हणालो.

ती दोरा ओवत होती. सुईच्या नाकातून दोरा पलीकडे गेल्यावर म्हणाली, "नाही."

पुढच्या वेळी, "तुहिना."

"तिला असलं काही आलं असतं का? नाही."

"हेमंती."

"हं," ती म्हणाली आणि थांबली. मी पुढे सरकलो. तिनं ते बघितलं. मग म्हणाली, "नाही."

जाताना मला कधीकधी दिसायचं, ती बाळाच्या कानाशी तोंड नेऊन काही पुटपुटायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मी जिन्यात उभा राहून कान लावायचो. ऐकू काही यायचं नाही. मला वाटायचं, एवढ्याशा जिवाला माहीत आहे आणि मला नाही. एकदा तर मनात आलं, देऊन टाकावी मुलगी. नाव तरी कळेल. बायकोनं शेवटचं ठरवलेलं तेवढंच काय ते आहे. हे मनात आलं होतं, ते लपवत नाही.

मग एकदा गेलो तर दार साडूनं उघडलं. ताई गणवेश पोचवायला शाळेत गेली होती. साडू साधा माणूस. हाताचं वंगण कधी जात नाही, म्हणून बाळाला टॉवेलात गुंडाळून धरून बसला होता.

मी म्हणालो, "साडूभाऊ, तुम्हाला तरी तिनं सांगितलं असेल. एक अक्षर सांगा. पहिलं."

तो बाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी सांगितलं म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"तिला माहीत नाही."

"कोणाला?"

"माझ्या बायकोला. तिला कोणी सांगितलंच नाही. तुमच्या बायकोला हिनं विचारलं होतं, तर ती म्हणाली, तुला नाही सांगणार ताई, तू सगळ्याला नावं ठेवतेस. माझ्या नवऱ्याला सांगितलंय, तेवढं पुरे. हिला वाटत होतं, तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी जिन्यावर तुम्हीच उलट हिला विचारलंत. तेव्हा हिला कळलं, तुम्हालाही नाही." त्यानं टॉवेल सारखा केला. "घरी आली की मलाच विचारते. काय असेल हो ते? हिमानी असेल का? रडते."

"मग बाळाच्या कानात काय सांगते?"

"काही नाही. नुसती हवा. तुम्ही बघताय म्हणून."

मला राग यायला हवा होता. पण आधी मला थंड वाटलं, टाकीजवळ उभं राहिल्यावर वाटतं तसं, पायांकडून वर. म्हणजे ते नाव कोणालाच माहीत नव्हतं. बायको ताईला आणि मला, दोघांनाही खेळवत होती. बहुतेक तिचंही काही ठरलं नव्हतं. ठरलं असेल तर तिच्याबरोबर गेलं.

जिन्यावर ताईची पावलं वाजली. साडूनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बोलू नका. मी बोललो नाही. त्याबद्दल तरी नाही.

ताईनं पिशवी ठेवली. "या पाहुणे. आजचं काय आणलंत?"

"आज काही नाही," मी म्हणालो. "आज तुमची पाळी."

"कसली?"

"नाव ओळखायची. मला माहीत आहे ते. पहिल्यापासून. तिनंच सांगितलं होतं."

ताई हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "मग इतके दिवस मला विचारत कशाला होतात?"

"बघत होतो, तुम्ही किती खोटं बोलू शकता ते. सख्ख्या बहिणीच्या नावावर."

ती खुर्चीवर बसली. तिनं साडूकडे बघितलं. साडूनं खाली बघितलं. ताईला वाटलं, तोही चकित झालाय.

"ती म्हणाली होती, तुम्हाला सांगितलंय म्हणून," ताई हळू म्हणाली.

"मग? खोटं बोलायची सवय तुमची. तिची नव्हती."

"काय होतं?"

"ओळखा. एका वेळी एकच नाही, हवी तितकी सांगा. मी तुमच्याइतका कंजूस नाही."

तिनं खरंच सांगितली. मला वाटलं नव्हतं ती सांगेल. हिमानी म्हणाली, शिशिरा म्हणाली, शीतल म्हणाली. दोघी बहिणी लहान असताना कोपऱ्यावरच्या घरात एक नीहार नावाची मुलगी होती, ती माझ्या बायकोला फार आवडायची, ते असेल का, असं म्हणाली. मी प्रत्येक वेळी थोडं थांबायचो, तिच्याच पद्धतीनं, आणि म्हणायचो, नाही. नीहारला मी जास्त थांबलो. ती खुर्चीतून उठली. मी म्हणालो, "नाही."

"सांगा हो," ती म्हणाली. "माझी बहीण होती ती. मी तिला कडेवर घेऊन वाढवलंय. तिचं काही नाही माझ्याकडे."

"मुलगी द्या. मग सांगतो."

साडू म्हणाला, "पाहुणे, पुरे." मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं मला खरं सांगितलं होतं आणि मी त्याच्याच घरात त्याचा असा वापर करत होतो.

ताईला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, ती भांडेल. तिनं बाळाचे कपडे भरले. गणवेशाच्या उरलेल्या कापडाची शिवलेली झबली होती, निळी आणि करडी, एकेकाला आतून मऊ अस्तर. बाटली धुऊन दिली. दूध किती गरम हवं ते मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून दाखवलं. "तुमचे हात गार असतात," ती म्हणाली, "तुम्हाला अंदाज येणार नाही, गालाला लावून बघा." मग बाळ माझ्याकडे दिलं आणि दारात उभी राहिली.

"आता सांगा."

मी दोन पायऱ्या उतरलो होतो. "हिला बोलता यायला लागलं की हीच सांगेल," मी म्हणालो.

मी मागे बघितलं नाही. खाली दुकानासमोर एक उलटी सायकल उभी होती, तिचं चाक मी जाता जाता पायानं फिरवलं. का ते माहीत नाही.

ही गोष्ट होऊन आता थंडी सरत आली. मुलगी माझ्याकडे आहे. मी कामावर असतो तेव्हा शेजारीण सांभाळते, ती तिला बाळ म्हणते. लस टोचणाऱ्या नर्सनं विचारलं, "नाव?" मी म्हणालो, ठरायचंय. ती म्हणाली, "अजून? दात येतील आता." डबल म्हणतो, "अरे, कुत्र्यालासुद्धा आठवड्यात नाव मिळतं."

ताई अधूनमधून कारखान्याच्या फाटकावर येते. आत येत नाही. वॉचमनकडे नवीन झबलं ठेवते, मागच्यापेक्षा एका बोटानं मोठं. माप न घेता तिला कसं कळतं कोण जाणे. वॉचमनला दर वेळी एकच विचारते, "नाव ठेवलं का मुलीचं? काय ठेवलं?"

अडचण इथेच आहे. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलेल्यांपैकी हेमंती मला बरं वाटतं. दूध पाजताना एकदा हाक मारूनही बघितली. पण मी जे ठेवीन ते ताई बहिणीचं म्हणून धरणार. ती ते जपणार, मरेपर्यंत घोकणार, आणि ते माझं असणार, त्या दोघींचं नाही. खरं सांगायला जावं तर साडूला दिलेला शब्द मोडतो, आणि मुलगी परत मागायला तिला तोंड मिळतं. तेव्हा मी सांगत नाही. आणि दुसऱ्या कोणाची नाही, तर बायकोची मला लाज वाटते. तिनं न बोललेला शब्द मी तिच्या तोंडी घालायला निघालो होतो.

पहाटेच्या पाळीहून आलो की मी गालाला बाटली लावून बघतो. हात मांडीखाली दाबून गरम करतो, मग तिला उचलतो. ती माझ्याकडे बघते. मी "ए" म्हणतो.

मुलीचं नाव ठेवायचं राहिलं आहे.