भोंग्यावर तपासलेला कानाचा डबा

मित्रांनो, ज्या वर्षी सुंदराबाईंच्या सुनेला, इंदूबाईंना, ललिता झाली, त्याच वर्षीच्या दसऱ्याला त्यांच्या घरची मोठी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. म्हणजे ते साल एकोणीसशे छप्पन. मी तेव्हा नव्हतो. पुढे ललिता बोलायला लागली आणि तिनं पाठमोऱ्या सुंदराबाईंना पहिल्यांदा 'आजी' अशी हाक मारली. आजीनं वळून पाहिलं नाही. माझी गोष्ट तिथून सुरू होते.

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. म्हणजे बारीक आवाज मोठा करणारं यंत्र. परतवाड्याहून आणलेल्या सागवानाची माझी पेटी, तिच्यात काचेचे तीन व्हॉल्व्ह, पुढे आवाज कमीजास्त करायची एक गोल खुंटी. एका वायरच्या टोकाला छोटा माईक आणि दुसरीच्या टोकाला डोक्यावर घालायचे हेडफोन. मूर्तिजापुरातल्या त्या घरात मला सगळे 'कानाचा डबा' म्हणत.

सुंदराबाई जन्मापासून बहिऱ्या नव्हत्या. त्यांची सगळी उमर जिनात गेली. जिनात कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे असतात, ओळीनं उभे. बाया त्यांच्यापुढं बसून कापूस घालतात. रेचे चालू झाले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला कळत नाही. तिथं बाया हातानं आणि ओठांनी बोलतात. सुंदराबाईंना आधी चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग लहान मुलं, मग बाया, आणि शेवटी गडीमाणसंही. जिनातून कमी केलं तेव्हा त्यांच्याजवळ फक्त ओठ वाचायची विद्या उरली होती. पाठमोऱ्या माणसाला ओठ नसतात.

त्यांचा मुलगा देवमन फौजेत बिनतारीच्या कामावर होता. परत आल्यावर त्यानं स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या हाकेनंतर त्यानं मला बांधायला घेतलं. अकोल्याच्या जुन्या बाजारात फौजेचं सामान विकायला येई, तिथून त्यानं हेडफोन निवडले. कितीतरी जोड्या त्यानं कानाला लावून बाजूला ठेवल्या. एखाद्या जोडीत आवाज पत्र्यावर पडल्यासारखा येई, एखादीत फक्त घूं घूं. व्हॉल्व्ह विलायती होते, ते एका ओळखीच्या माणसानं मुंबईहून आणून दिले.

मित्रांनो, देवमननं मला कसं पारखलं ते सांगतो. व्हॉल्व्ह चांगले तापू दिले. मग माईकसमोर काहीच न करता तो नुसता ऐकत बसला. काही वाजत नसताना यंत्र स्वतःच किती कुरकुरतं, हे त्याला आधी बघायचं होतं. मग त्यानं सुपात ज्वारी पाखडायला लावली. कागद चुरगाळला. आवाज मोठा व्हावा पण फाटू नये, आणि 'त' आणि 'द' वेगळे ऐकू यावेत, असं तो म्हणे. स्वतःचं समाधान झालं की तो मला आईच्या डोक्यावर चढवी.

"कसं वाटते माय?"

"भांडे वाजून राहिले बाप्पा तुह्या डब्यात."

पुन्हा पेटी उघडायची. एखादी तार इकडची तिकडे. पुन्हा तेच.

"आता?"

"आता तू भांड्यात बसून बोलून राहिला."

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी ललिता मध्ये येऊन माईकजवळच बोलली, "आजी, मले गूळ दे." सुंदराबाईंनी दोन्ही हात कानांवर दाबले. गूळ काही दिला नाही. "पुन्हा म्हण," म्हणाल्या. पोरीनं पुन्हा म्हटलं. "पुन्हा म्हण वं." शेवटी ललिता रडायला लागली, आणि ते रडणंही त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग गुळाचा अख्खा खडा तिच्या हातावर ठेवला.

देवमनची बायको इंदूबाई जरा तोंडाळ होत्या. त्या म्हणाल्या, "झालं! इतकी साल म्या चुलीपाशी बसून मनातलं बोलून घेत होती. आता माह्यं तेबी गेलं."

"बोल ना, बोल," सुंदराबाई म्हणाल्या. "म्या डबा लावूनच बसली हाय."

ती माझी चांगली वर्षं. बाजाराच्या दिवशी जिनातल्या जुन्या बाया घरी येत. हेडफोन एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जात. त्यांच्या कपाळाच्या घामानं माझ्या कातडी गाद्या काळ्या पडल्या. मला त्याचा अभिमान होता. सुंदराबाईंच्या शेजारच्या रेच्यावर जन्म काढलेल्या गंगूबाई सगळ्यांत जास्त वेळ बसत. ललिता शाळेत जाऊ लागल्यावर रोज संध्याकाळी आजीजवळ बसून वाचायची, बोट ठेवून, एकेक अक्षर ओढत. सुंदराबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या ऐकत आणि तिच्या बोटाकडे बघत. मलाही अक्षरं तिथंच उमगली, उशिराच म्हणायची.

त्या वर्षी, म्हणजे बासष्ट साली, दिवाळीच्या तोंडावर जिनाचे मालक खुशालराव यांनी कामकरी लोकांच्या सोयीसाठी जिनात एक यंत्र घ्यायचं ठरवलं. यंत्र कोणतं, ते ठरलं नव्हतं. देवमन त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला की रेच्यावर कान गेलेल्या बाया गावात पुष्कळ आहेत. जिनाच्या दवाखान्यात माझ्यासारखी यंत्रं ठेवली तर त्यांना माणसांचं बोलणं ऐकू येईल. खुशालराव म्हणाले, "घेऊन ये, तपासून पाहू."

देवमन मात्र घरी येऊन माझ्याकडे बघत बसला. दुसरं यंत्र नव्हतं. न्यायचं तर मलाच न्यायला हवं होतं.

"माय, एक रोज तुले डब्याबिगर राहा लागन."

"एका रोजानं का मरते म्या? नेय तू. ते गंगू बाजाराच्या रोजाची वाट पाहत बसते. तिच्या घरी कोण हाय बोलाले? तिले एक डबा भेटू दे."

"आन् तिथं काही झालं त?"

"मोठे लोक हायेत. पाहतीन, परत देतीन. त्याईले का आपला डबा खायचा हाय?"

सुंदराबाईंनी मला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं.

जिनाच्या ओसरीवर मेज मांडलं होतं. खुशालराव खुर्चीत बसले होते. शेजारी शालिकराम, जो लग्नाकार्यात भाड्यानं भोंगे लावायचा. त्याला यंत्रातलं कळतं म्हणून बोलावलं होतं. मुकादम नत्थुजी सायकल धरून उभे होते. गंगूबाईंना देवमननंच सोबत आणलं होतं. त्या पायरीखाली थांबल्या.

मी तापलो. देवमननं आधी गंगूबाईंच्या डोक्यावर हेडफोन घातले आणि माईक त्यांच्या हाताजवळ धरला. त्यांनी हात हलवला आणि दचकून त्याच्याकडे पाहिलं.

"बांगड्या वाजून राहिल्या रे माह्या!"

त्या पुन्हा पुन्हा हात हलवू लागल्या. हसू लागल्या. शालिकरामही हसला. मित्रांनो, माझी परीक्षा खरं तर तिथंच झाली होती.

"तिले त कायबी ऐकू येईन," खुशालराव म्हणाले. "मले दाखव."

देवमननं हेडफोन स्वतःच्या सदऱ्यानं पुसले आणि दोन्ही हातांनी पुढे केले. खुशालरावांनी हात लांबवला. मग गाद्यांकडे पाहिलं.

"नवे हायेत का हे?"

"नाई मालक. मायच्या कानाले असते रोज."

लांबवलेला हात परत आला आणि धोतराच्या घडीवर ठेवला गेला. त्या वेळी शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, म्हणून तसं उघड कोणी बोलत नसे. देवमन हात पुढे करून उभा होता. ज्वारीच्या कणसाला चिमणी चोच मारून जाईल तेवढा वेळ असेल तो. पण मी त्या हातांत होतो, आणि मला ते हात कळत होते.

"कानाले लावून काय समजते?" खुशालराव म्हणाले. "शालिकराम, भोंग्यावर लाव."

शालिकराम चपापला. "मालक, हे कानापाशी बोलणारं यंत्र हाय. भोंगा नाई झेपणार त्याले."

"मंग घ्यायचं कशाले? आवाज कुठलोक जाते ते पाहू. नत्थुजी, तुमी फाटकापाशी जा."

आमच्या भागात यंत्र पारखायची ही रीतच होती. भोंगा बांधायचा, एक माणूस लांब पाठवायचा. त्याला ऐकू आलं तर तो फेटा वर करून दाखवणार. फेटा दिसला तर यंत्र चांगलं. लग्नातला लाउडस्पीकर असाच ठरायचा. त्या दिवशी कानाचं यंत्रही तसंच ठरवायचं होतं. नत्थुजी सायकलवर बसून छोट्या रेल्वेगाडीच्या फाटकाकडे निघाले.

"मालक, एकडाव लावून त पाहा," देवमन म्हणाला. "माणसाचं बोलणं कसं येते ते पाहा. म्या नवा कपडा गुंडाळून देतो गाद्याइले."

त्यानं हे म्हटलं, आणि म्हटल्यावर त्याचीच मान खाली गेली. मालकांनी फाटकाकडे बघत "कराऽ सुरू" म्हटलं.

भोंग्याच्या जाड तारा माझ्या अंगाला जोडल्या. मी बोललो. ओसरीच्या खालपर्यंत गेलो असेन. फाटकाजवळ नत्थुजी ठिपक्याएवढे दिसत होते. फेटा डोक्यावरच होता.

"जोर वाढव."

खुंटी शेवटपर्यंत फिरली. फेटा हलला नाही.

"आणखी वाढव ना. घाबरतं काहून?"

शालिकरामनं देवमनकडे पाहिलं. देवमन म्हणाला, "नको." शालिकरामनं मालकांकडे पाहिलं आणि माझी मागची फळी काढून विजेचा दाब वाढवला. देवमन पुढे झाला तेवढ्यात माझा मोठा व्हॉल्व्ह आतून लाल झाला. वितळलेल्या मेणाचा वास आला, धूर आला, आणि मी बंद पडलो. नत्थुजी परत आले. फेटा नीट करत म्हणाले, "मले त काही आवाजच नाई आला."

"पाहा," खुशालराव म्हणाले. त्यांचा स्वर वाईट नव्हता. खरं वाटत होतं म्हणून ते बोलत होते. "देवमन, मेहनत केली तू. पण यंत्रात दम नाई."

गंगूबाईंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. हेडफोन मेजावर पडले होते. त्या बोटानं आपल्या कानाकडे खूण करून देवमनला विचारत होत्या, मले भेटन का? देवमननं मला लुगड्यात गुंडाळलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं.

जळालेली तार देवमननं स्वतः पुन्हा गुंडाळली. व्हॉल्व्ह मात्र गुंडाळता येत नाही. तो अकोल्याला गेला, अमरावतीला गेला. सीमेवर लढाई लागली होती. दुकानदार म्हणत, विलायती माल येत नाही, थांबा. जिनात मात्र नवं यंत्र आलं. चार तोंडांचा भोंगा उंच खांबावर चढला. त्यावर लढाईच्या बातम्या लागत. तो फाटकाच्याही पुढे ऐकू येई. गावातले लोक रस्त्यात थांबून वर बघत. सुंदराबाईही थांबत, वर बघत, आणि भोंग्यावरची पाखरं उडाली की आवाज सुरू झाला हे ओळखत. मग शेजारच्या माणसाला विचारत, "काय सांगून राहिला रे तो?" लोक हातानं 'थांब' म्हणत. ते ऐकण्यात गुंतलेले असत.

घरी संध्याकाळी ललिता पुस्तक घेऊन यायची. मी बंद आहे हे तिला सांगितलं होतं, पण ती लहान होती. सुंदराबाई तरीही हेडफोन डोक्यावर घालत. पोर वाचायची, त्या मान हलवायच्या. पान उलटलं की "हो, मंग?" म्हणायच्या. ललिताला वाटे, आजीला ऐकू येतं. ती आणखी जोरात, आणखी भरभर वाचायची. इंदूबाई चुलीकडे तोंड करून बसत. मनातलं बोलायची त्यांना आता पुन्हा मोकळीक होती, पण त्या बोलत नसत.

मी सगळं बघत होतो. माझ्यातून एक अक्षरही जात नव्हतं.

व्हॉल्व्ह पुढे पुष्कळ दिवसांनी आला. देवमननं तो बसवला, मी तापलो, आणि माईकसमोर कोणी नव्हतं तरी तो नुसता ऐकत बसला. पहिल्या दिवशी बसला होता तसा. मग त्यानं मला पुसून फळीवर ठेवलं. आता ललिताची मुलं माझ्या खुंटीशी खेळतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू कशासाठी केली आहे ते आधी विचारा. कानासाठी केली असेल तर कानाला लावून पाहा. ती आधी कोणाच्या कानाला लागली होती, हे विचारून हात मागे घेऊ नका. तुम्ही हात मागे घेता तेव्हा वस्तूचं काही जात नाही. ज्यांच्यासाठी ती केली, त्यांचं जातं.

सुंदराबाई १९६३ सालच्या माघात, जिनाचा हंगाम चालू असताना, दुपारी घरी वारल्या. हेडफोन डोक्यावर होते. गंगूबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या. व्हॉल्व्ह पावसाळ्यात आला.